दोह्यातल्या चेटकिणींची शिरगणती

माझं काम नक्की काय, हे माझ्या सासरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नणंदेची समजूत होती की मी कतारमध्ये दारोदार फिरून पावडर विकते. धाकट्या दिरांनी एकदा भर मांडवात माझी ओळख 'वहिनी तिकडच्या जनगणनेत असतात' अशी करून दिली. मी ती दुरुस्त केली नाही, कारण पावडरीपेक्षा ती बरी होती.

खरं काम असं. साबण, चहा, गाद्या, बँकेची कार्डं, काहीही विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे ते हवं असतं. स्वतः जाऊन विचारायला त्याला वेळ नसतो आणि थोडी लाजही वाटते. मग तो सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीला गाठतो. आम्ही दार वाजवतो, टॅब्लेट उघडतो, पंधरा मिनिटं लागतील असं सांगतो आणि चाळीस मिनिटं घेतो. दोह्यात मी एकोणीस वर्षं हे केलं. आधी स्वतः दारं वाजवली, मग वाजवणाऱ्यांवर देखरेख केली, आणि शेवटची दहा-बारा वर्षं त्याच्या जोडीला कोडिंग केलं.

कोडिंग म्हटलं की आमच्या भाच्याला वाटतं मी कॉम्प्युटर इंजिनिअर होते. तसं काही नाही. लोक वाक्यांत बोलतात आणि आमच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे माल विकणाऱ्या कंपनीला, हवे असतात आकडे. 'हा चहा का घेता?' या प्रश्नावर एक बाई म्हणते, 'सासूबाई हाच आणतात.' दुसरी म्हणते, 'डबा छान आहे, नंतर डाळ ठेवता येते.' ही वाक्यं कॉम्प्युटरला मोजता येत नाहीत. मग मी बसून सासूबाईंना बारा नंबर देते, डब्याला सतरा. हजार घरांतल्या वाक्यांना असे नंबर चिकटवले की तक्ता तयार होतो, तक्त्याचा रंगीत आलेख होतो, आणि तो आलेख बघून टाय लावलेली माणसं मान हलवतात. सतरा म्हणजे डाळीचा डबा, हे त्यांच्यातल्या कुणालाही ठाऊक नसतं.

या धंद्यात दोनच हत्यारं असतात. माणूस बोलून थांबला की विचारायचं, 'आणखी?' आणि तो काही गुळमुळीत बोलला की विचारायचं, 'म्हणजे नक्की काय?' एवढ्यावर मी एकोणीस वर्षं काढली. दोन्ही प्रश्न घरी विचारायचे नसतात, हे मात्र मला उशिरा समजलं.

नमुनेही एकेक भेटले. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या वसाहतीत एकदा शाम्पूचा सर्व्हे होता. साताऱ्याकडचा एक एसी फिटर समोर बसला. मी विचारलं, 'शाम्पू घेताना तुम्ही काय बघता?' त्यानं शांतपणे टोपी काढली. आत तुळतुळीत टक्कल होतं. 'ताई, पुढचा प्रश्न घ्या,' तो म्हणाला. त्याच खोलीत गादीच्या सर्व्हेच्या वेळी 'रोज किती वाजता उठता?' यावर उत्तर मिळालं होतं, 'ते कंपनीच्या बसला विचारा.' मी दोन्ही उत्तरं इमानानं लिहून घेतली आणि दोन्हींना 'इतर' असा कोड दिला.

'इतर' हा कोड आमच्या धंद्यातला माळा. जे कुठंच बसत नाही ते वर टाकून द्यायचं. आता सांगणार आहे ती भानगड या माळ्यावरच सुरू झाली, आणि माळा मीच बांधला होता.

घरात लावायच्या सुगंधाचा धंदा करणारी एक कंपनी आमची जुनी गिऱ्हाईक. मेणबत्त्या, उदबत्त्या, धूप, असलं सगळं. दर वर्षी त्यांचा एकच मोठा प्रश्न असायचा: गेल्या महिन्यात तुम्ही घरात काय जाळलंत, आणि कशासाठी? अरबी घरांतून उत्तर यायचं बखूर, म्हणजे त्यांचा सुगंधी धूप, पाहुणे आले म्हणून. आपल्याकडून उदबत्ती, देवासाठी. डासांची अगरबत्ती, डासांसाठी. पण अधूनमधून एखादी बाई आवाज खाली करून सांगायची, 'मिरच्या जाळते. दृष्ट काढायला.' केरळच्या बायका मोहरी-मीठ-मिरची सांगायच्या. एक इजिप्शियन बाई कागदाची बाहुली टाचणीनं टोचून जाळायची, तीही मुलाला नजर लागू नये म्हणून.

आता इथे माझं घराणं सांगायला हवं. आमचे अप्पा विज्ञानाचे मास्तर. दारावर लिंबू-मिरची दिसली की ते लिंबू सोडवून घ्यायचे, धुवायचे आणि त्याचं सरबत करून ज्याच्या दारावरून काढलं त्यालाच पाजायचे. अशा माणसाची मी लेक. कतारच्या ऑफिसात, लेबनीज मॅनेजर आणि इंग्रज गिऱ्हाइकांच्या समोर, 'आमच्या शिकल्यासवरल्या बायका मिरच्या जाळतात' असा तक्ता ठेवायची मला लाज वाटली. म्हणून मी एक नवा कोड उघडला. नंबर शेहेचाळीस. नाव दिलं, 'संरक्षणासाठी विधी, इतर'. इंग्रजीत ते फार रुबाबदार दिसत होतं. दृष्ट, मोहरी, बाहुली सगळं त्यात कोंबलं आणि झाकण लावलं. कित्येक वर्षं त्यात कुणी डोकावलं नाही.

दोह्याच्या अल सद्द भागातल्या घरांमध्ये आमची एक फिलिपिनो मुलगी सर्व्हे करायची. गोड, मेहनती. ती इंग्रजीत विचारायची आणि बायका इंग्रजीत सांगायच्या, 'वास छान येतो.' इंग्रजीत कुणी दृष्ट काढत नाही. मग त्या मुलीचं लग्न ठरलं, ती मायदेशी गेली, आणि तीन वर्षांपूर्वी अल सद्दची दारं पुन्हा माझ्या वाट्याला आली. मी मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, चपला काढून स्वयंपाकघरात बसून विचारलं. बायका भडाभडा बोलल्या. शेहेचाळीस नंबर तुडुंब भरला आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

वैशाली मला तेव्हाच भेटली. लातूरकडची, तिशीच्या आतबाहेरची, अल दुहैलमधल्या एका नर्सरीत लहान मुलांना सांभाळायची आणि शिकवायची. नवरा बांधकामातला इंजिनिअर, त्याचा प्रोजेक्ट संपला होता आणि नवीन काम लागायचं होतं. तोवर सगळं घर वैशालीच्या नोकरीवर उभं होतं. तीन वर्षांचा मुलगा, अर्णव, आई मराठीत बोलली की इंग्रजीत उत्तर द्यायचा.

"मिरच्या कधी जाळता?" मी विचारलं.

"शनिवारी. आणि लेकरू रडायला लागलं तर मधीबी," ती म्हणाली. "पण ताई, एक्झॉस्ट लावून करते बरं का. मागं एकदा नाही लावला तर धुराचा अलार्म वाजला अन् अख्खी बिल्डिंग जिन्यात."

"आणखी?"

"आणखी काय. ओवाळायचं अन् म्हणायचं. आल्यागेल्याची, कुत्र्यामांजराची, लिफ्टमधल्या बाईची, वॉचमनची, सगळ्यांची निघून जाऊ दे."

"वॉचमनची?"

"लई टक लावून बघतो ओ तो अर्णवकडं."

मी हसत हसत लिहून घेतलं आणि शेहेचाळीस टाकला.

दुसऱ्या टोकाला अल दुहैलच्या एका बंगल्यांच्या कंपाउंडमध्ये मार्गारेट राहायची. हे तिचं खरं नाव नाही, आणि तिच्याबद्दलच्या आणखी दोनतीन गोष्टी मी मुद्दाम बदलल्या आहेत. साठी ओलांडलेली इंग्रज बाई, नवरा तेलाच्या कामात. तिच्याकडे मेणबत्त्या होत्या, वाळवलेली पानं होती, खिडकीत चंद्राचं कॅलेंडर होतं. 'मेणबत्त्या कशासाठी?' या प्रश्नावर तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "हे कुठे जातं?"

"कुठेच नाही. नाव जात नाही, फक्त नंबर जातो."

"मग फक्त तुला म्हणून सांगते. मी विक्कन आहे. पण तू असं लिही, वास छान येतो."

विक्का म्हणजे काय, हे मला तोवर धड माहीत नव्हतं. तिनं चहाबरोबर समजावलं. गेल्या शतकात इंग्लंडात आकाराला आलेला हा एक निसर्गपूजक धर्म. चंद्र, ऋतू, झाडपाला, देवी आणि देव. त्यातली बरीच माणसं स्वतःला आनंदानं चेटकीण म्हणवून घेतात आणि कुणाचं वाईट करायचं नाही हा त्यांचा मुख्य नियम. मला ते आपल्या नवरात्र-संक्रांतीच्या मानानं फारच सौम्य वाटलं. मी लिहिलं, 'वास छान येतो', आणि कोड दोन दिला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

त्या वर्षीचा ऑक्टोबर आला. आमचा मॅनेजर फादी, लेबनीज, दिलदार, दर वाक्याला यल्ला, म्हणजे 'चला', म्हणणारा, एक दिवस माझ्या टेबलाशी आला. एका वेबसाइटची एमा नावाची मुलगी घरगुती सुगंधावर लेख करतेय, म्हणाला. आपल्या गिऱ्हाइकानं तिला आपला तक्ता दिलाय. तिला एखादं घर दाखवायचंय, एक चेहरा हवाय.

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की उत्तर देणाऱ्याचं नाव कुणालाही सांगायचं नाही. पण लेख सुगंधाचा होता, वैशाली बोलकी होती, आणि मला वाटलं, तिला जरा मजा वाटेल. मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "फोटो येणार का ओ ताई? मग पैठणी नेसते." मी नंबर दिला. एकोणीस वर्षांत एकदाच नियम मोडला आणि तोही हौसेनं.

पुढच्या रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, एमाचा मसुदा फादीकडे आला. आकडे तेवढे तपासून द्या, अशी विनंती. फादीनं तो मला ढकलला. मथळा वाचून माझा चहा तसाच राहिला. 'शेजारच्या फ्लॅटमधली चेटकीण: आखातातल्या घरांत विक्का सर्वांत वेगानं वाढतोय.' खाली पैठणी नेसलेली वैशाली, दारावरच्या लिंबू-मिरचीशेजारी, झकास हसत होती. फोटोखाली होतं, 'दोह्यातल्या नर्सरीतली शिक्षिका, आपल्या मुलासाठी संरक्षक मंत्र म्हणताना.'

मी तक्ता उघडला. आमचा तक्ता दर वर्षी परदेशातल्या मुख्य ऑफिसात जातो. तिथे त्यांनी त्या वर्षी सगळ्या देशांचे कोड एका यादीत आणले होते. माझ्या शेहेचाळीसला त्यांनी त्यांच्या परीनं जवळचं घर शोधून दिलं होतं: 'विक्का व तत्सम पर्यायी अध्यात्म'. त्यात मागच्या वर्षी मूठभर घरं होती, कारण बायका फिलिपिनो मुलीला काही सांगत नव्हत्या. या वर्षी घरं ओसंडून वाहत होती, कारण मी चपला काढून आत बसले होते. वाढलं होतं ते माझ्याशी बोलणं. मोजली गेली होती अल सद्दच्या बायकांची बडबड, आणि लेख म्हणत होता धर्म.

आणि खऱ्याखुऱ्या विक्कन म्हणून मी ज्या एकमेव बाईला ओळखत होते, ती कोड दोनमध्ये निवांत होती. वास छान येतो.

हे दुसऱ्या कुठल्या शहरात घडलं असतं तर मी पोट धरून हसले असते. पण कतारमध्ये जादूटोणा हा शब्द चेष्टेवारी नेत नाहीत. कुणी तक्रार केली तर गोष्ट पोलिसांपर्यंत जाऊ शकते. नोकरी तर त्याच्या आधीच जाते.

मी वैशालीच्या नर्सरीच्या सुट्टीच्या वेळी तिथे जाऊन उभी राहिले. मसुदा मोबाइलवर दाखवला. तिनं आधी फोटो पाहिला आणि म्हणाली, "छान आलाय की." मग तिनं मथळा वाचला. मग पुन्हा वाचला.

"ताई, मी तर लेकराची दृष्ट काढते एवढंच सांगितलं होतं. त्याच्यात चेटूक कामून म्हणायलेत?"

"चूक माझी आहे," मी म्हटलं आणि कोडचं सगळं रामायण सांगितलं.

तिनं ते ऐकलं, पण तिचं लक्ष माझ्या मागे होतं. नर्सरीच्या फाटकातून आया मुलांना घेऊन बाहेर पडत होत्या. त्यातली एक अबाया घातलेली बाई थांबली, तिच्या कडेवरच्या मुलीनं वैशालीकडे झेप घेतली आणि वैशालीनं तिचा पापा घेतला. ती बाई गेल्यावर वैशाली म्हणाली, "त्यांनी हे वाचल्यावर लेकरू माझ्या हातात देतील का ओ?"

लेख गुरुवारी निघणार होता.

मी आधी मार्गारेटकडे गेले, कारण विक्काबद्दल बोलायचं तर मला तीच एक ठाऊक होती. ती मसुदा वाचून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "दर ऑक्टोबरला," ती म्हणाली, "कुठलं तरी वर्तमानपत्र सांगतं की आम्ही सर्वांत वेगानं वाढतोय. मी तरुण होते तेव्हापासून ऐकतेय. एवढं वाढलो असतो तर एव्हाना मला फरशी पुसायला कुणीतरी चेटकीण मिळाली असती."

"इथे तुम्ही किती आहात?"

"माझ्या माहितीत तिघी होतो. एक ऑस्ट्रेलियाला गेली." मग ती गंभीर झाली. "तुझी ती मुलगी स्वतःला विक्कन म्हणवते?"

"तिनं हा शब्द पहिल्यांदा आज ऐकला."

"मग ती नाही. आमच्याकडे वर्गणी नाही, दाखला नाही. माणूस स्वतः म्हणतो तेवढंच. दुसऱ्यानं आम्हाला मोजावं एवढं काही आमच्याकडे नाही."

सोमवारी अल सद्दच्या एका कॅफेत मी एमाला गाठलं. मला वाटलं होतं कुणी आगाऊ पोरगी असेल. निघाली पंचविशीची, डोळ्यांखाली काळं, दिवसाला तीन लेख लिहिणारी. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण फक्त तुमचाच आकडा नाही. विक्का वाढतोय हे सगळेच म्हणतात. माझ्याकडे सहा बातम्या आहेत."

"दाखव."

आम्ही शेजारी बसून सहाही उघडल्या. पहिलीनं दुसरीचा हवाला दिला होता. दुसरीनं तिसरीचा. तिसरीत 'तज्ज्ञांच्या मते' होतं आणि तज्ज्ञ म्हणजे स्फटिक विकणारं एक दुकान निघालं. चौथीनं समाजमाध्यमांवर चेटकिणीचे व्हिडिओ किती लोक बघतात ते मोजलं होतं.

"मी लग्नाच्या केकचे व्हिडिओ रोज बघते," मी म्हटलं. "मला अजून एकही केक करता येत नाही."

पाचवीनं आकडा दुप्पट झाल्याचं सांगितलं होतं, कशाचा ते नव्हतं. "तू आणि मी इथे दोघी बसलोय," मी म्हटलं. "आणखी दोघी आल्या तर या टेबलावरच्या बायका दुप्पट होतील. त्याची बातमी करशील का?" सहावी उघडली तर तिचं बोट पहिल्या बातमीकडे होतं. एमानं कपाळाला हात लावला. विक्का वाढत नाही असं मी म्हणत नव्हते. वाढत असेलही कुठे. कुणी धडपणे मोजलेलं नाही, इतकंच माझं म्हणणं होतं, आणि दोह्यात मोजायचं यंत्र मी स्वतः होते.

"पण वैशाली मंत्र म्हणते. मी रेकॉर्ड केलंय," एमा म्हणाली.

"त्यात वॉचमनचा उल्लेख आहे. कुठल्या विक्कन मंत्रात वॉचमन येतो?"

ती हसली, पण मान हलवली. संपादकानं मथळा पास केलाय, म्हणाली. तुमच्या कंपनीनं लेटरहेडवर लिहून दिलं की आकडा चुकीचा आहे, तरच तो काढता येईल. आणि आकडा गेला की वैशालीही जाईल, कारण मग तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही.

मंगळवारी मी फादीच्या केबिनमध्ये.

"मिसेस नीला, आकडा बरोबर आहे की नाही?"

"आकडा बरोबर आहे. नाव चुकीचं आहे."

"म्हणजे आकडा बरोबर आहे. यल्ला, पाठवून द्या."

मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईक होतं. चूक कबूल केली तर ते म्हणणार, मग गेल्या दहा वर्षांचे तक्ते कशावरून बरोबर? "हबीबती, एक बाई, एक फोटो. दोन दिवसांत लोक विसरतात. खलास."

"तिची नर्सरी विसरणार नाही."

त्यानं खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, "कंपनी चुकली असं मी लिहून देणार नाही."

"कंपनी नाही. मी चुकले. कोड मी उघडला, त्याखाली दृष्ट मी लपवली, नावही मीच दिलं. तसं लिहा, मी सही करते."

"डिसेंबरमध्ये तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. या कागदानंतर मला काही मागू नका."

मला खरंच राग आला होता, पण त्याचा नाही. वैशालीनं जे पैठणी नेसून, हसत, फोटोसाठी सांगितलं होतं ते मी दहा वर्षं एका रुबाबदार नावाखाली दडवत आले होते. मी पहिल्याच वर्षी सरळ 'दृष्ट काढणे' असं लिहिलं असतं तर मुख्य ऑफिसात कुणीतरी विचारलं असतं, हे काय? आणि मी सांगितलं असतं. धंद्यातला दुसरा प्रश्न, 'म्हणजे नक्की काय?', मी जगाला विचारला आणि स्वतःच्या कोडला कधी विचारला नाही. अप्पांनी निदान लिंबू उघड उघड काढलं होतं.

सही करून दिली. बुधवारी दुपारी एमाचा मेसेज आला: मथळा बदलला, फोटो काढला, रेकॉर्डिंग पुसलं. गुरुवारी लेख निघाला. 'हिवाळ्यात घरात कोणती मेणबत्ती लावाल?' मी आयुष्यात वाचलेला तो सर्वांत सुंदर लेख आहे.

मी वैशालीला लेखाची लिंक पाठवली. तिचं उत्तर आलं, 'लॅव्हेंडरवाली चांगली वाटते ओ ताई.' रविवारी ती नेहमीसारखी कामावर गेली.

डिसेंबरात माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि फादीनं शब्द पाळला. निरोपाला केक आणला, त्यावर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं आणि तो मनापासून रडला. जाण्याआधी मी कोडची यादी दुरुस्त करून दिली. शेहेचाळीस रद्द. नवा कोड एकसष्ट, 'नजर-दृष्ट उतरवणे', कंसात साध्या भाषेत खुलासा. मला वाटलं, आता तरी घोळ नको. पुढच्या वर्षी मी पुण्यात असताना एमानं एक बातमी पाठवली, दुसऱ्याच कुठल्या वेबसाइटची. 'आखातात नजरेवरचा विश्वास अचानक उसळला.' साहजिक होतं. आदल्या वर्षी तो कोड अस्तित्वातच नव्हता.

दोहा सोडायच्या दोन दिवस आधी वैशालीनं दुपारच्या जेवणाला बोलावलं. तिच्या नवऱ्याला काम लागलं होतं, तो साइटवर होता. अर्णव खाली मांडी घालून गाड्या खेळत होता. जेवण झालं, मी हात पुसत होते, तर तिनं एक पाट आणून स्वयंपाकघरात ठेवला.

"बसा, ताई. पूर्वेकडं तोंड करा."

"कशाला ग?"

"एकोणीस वर्षांची नोकरी एका कागदावर जाते का कुणाची? लागलीय कुणाची तरी. बसा म्हणते ना."

अप्पांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. नोकरी का गेली याची मला पक्की माहिती होती, सही माझीच होती. ते सगळं मी तिला सांगू शकले असते. पण ती मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. मी पाटावर बसले. ती ओवाळत पुटपुटत होती, आल्यागेल्याची, कुत्र्यामांजराची, ऑफिसातल्या मॅनेजरची. अर्णव खेळ थांबवून म्हणाला, "मम्मा, नो स्मोक." तिनं मूठ तापल्या तव्यावर टाकली. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. मी खोकल्याची वाट पाहत राहिले. काहीच आलं नाही, साधी शिंकसुद्धा नाही.

"बघा," वैशाली म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरी धास्ती होती. "एवढ्या मिरच्या जाळल्या अन् जराबी ठसका नाही. केवढी लागली होती, ताई."

मी वर पाहिलं. तव्याच्या बरोब्बर वर एक्झॉस्ट फॅन पूर्ण वेगात घरघरत होता. एकोणीस वर्षांच्या सवयीनं प्रश्न जिभेवर आला. मी तो गिळला.

"हो ग," मी म्हटलं. "बरीच लागली होती."